अडीच इंचांचं पातं

मिरगाच्या आदल्या आठवड्यात ताम्हिणी उतरून माणगावला मामांकडे गेलो होतो. आभाळ दाटलेलं, मामींची लाकूडफाटा आत घ्यायची गडबड, आणि मामा पडवीत पाट टाकून बैलाचं तुटलेलं दावं सांधत बसलेले. गाठ मारत नव्हते, सांधत होते. तुटलेल्या दोन्ही टोकांचे पेड उकलून ते एकमेकांत विणत होते. डाव्या अंगठ्याने दोर उलटा पिळायचा, पेडांच्या फटीत लोखंडी टोचा घुसवायचा, अर्धा वेढा फिरवायचा. फट उघडली की दुसऱ्या टोकाचा पेड तिच्यातून ओवायचा, टोचा काढायचा, पेड खेचून बसवायचा. असे एकेका पेडाचे तीन-तीन फेरे. शेवटी दोर पायाखाली धरून त्यांनी ताणला आणि माझ्या हातात दिला. सांधा बोटांना लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता.

तो टोचा एका घडीच्या चाकूचा होता. मिटल्यावर पावणेचार इंच लांब, हातात घेतल्यावर त्या मानाने जड. एका बाजूला अडीच इंचांचं पातं, पाठीकडून टोकाला एकदम खाली उतरलेलं, म्हणजे भोसकायला निरुपयोगी आणि कापायला सोयीचं. त्याच्या शेजारी डबा उघडायचं आकडं. मागच्या बाजूला टोचा. बुडाला तारेची कडी, दोरी ओवून कमरेला बांधण्यासाठी. पात्याच्या बुडाशी 1943 हा आकडा आणि त्याच्यावर तीन रेघांचा एक बाण. बनवणाऱ्याचं नाव होतं, पण निसण्यावर घासून घासून पुसट झालेलं.

मी पिरंगुटला टूलरूममध्ये वीस वर्षं काम करतो. पोलाद तापवणं, पाणी देणं, कडकपणा मोजणं हा माझा रोजचा धंदा. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. चाकू त्यांच्या वडिलांचा, तात्यांचा. तेही मराठा पलटणीतच होते आणि हा चाकू इटलीच्या लढाईतून कमरेला बांधून घरी आला. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते जवळजवळ तसंच इथे देतो.

मी : मामा, रागावणार नसाल तर एक बोलतो. लहानपणापासून ऐकतोय, विलायती चाकू, शेफील्डचं पोलाद, असा आता होत नाही. पण माझ्या डोळ्यांना हा साधा चाकू दिसतो. लढाईच्या घाईत, कंत्राटावर, ढिगाने काढलेला. आतल्या पत्र्यांच्या कडासुद्धा नीट घासलेल्या नाहीत.

मामा : साधाच आहे. मी कधी म्हटलं की तो राजाच्या कमरेचा आहे? पण ऐंशी वर्षं झाली त्याला. तुझ्या टूलरूममधली कुठली वस्तू ऐंशी वर्षांनी दावं सांधेल, सांग.

मी : टिकला म्हणजे उत्तम असंही नाही ना. पाटा-वरवंटाही टिकतो.

मामा : पाट्याला बिजागरी नसते. याला तीन आहेत. हलव बघू ते पातं.

मी पातं उघडून टोकाशी चिमटीत धरलं आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिलं. केसभर हललं, त्याहून जास्त नाही. मग हळूहळू मिटलं. अर्ध्यावर येईपर्यंत स्प्रिंगने विरोध केला, नंतर पातं तिने आपल्याकडे खेचून घेतलं आणि टक् असा भरीव आवाज झाला. असा चाकू ओळखायची ही पहिली खूण. त्याला कुलूप नसतं. पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याच्या बुडाला चौकोनी कोन घासलेले असतात आणि ती पट्टी त्या कोनांवर दाबून बसते. कोन जरा गोल झाला किंवा पट्टी जरा मऊ पडली की पातं लुळं होतं आणि एखाद दिवशी बोटावर मिटतं. आवाज आला म्हणजे कोन शाबूत आहेत आणि पट्टीत जोर आहे.

मी : स्प्रिंग चांगली आहे, हे कबूल.

मामा : चांगली आहे म्हणे! तात्यांनी पंचेचाळीस वर्षं उघड-मीट केली, पुढे मी. घड्याळाच्या स्प्रिंगेलाही एवढा त्रास नसेल.

मी : घड्याळाचंच बोललात म्हणून सांगतो. शेफील्डचं नाव मोठं झालं ते घड्याळाच्या स्प्रिंगेपायीच. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता. त्याला स्प्रिंगेसाठी एकसारखं पोलाद मिळेना. म्हणून त्याने मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली. गंमत म्हणजे शेफील्डच्या चाकूवाल्यांनी आधी ते घ्यायला नकार दिला, फार कडक म्हणून. फ्रेंच लोक त्याचे चाकू बनवून विकायला लागले तेव्हा यांचे डोळे उघडले.

मामा : म्हणजे पोलाद चांगलं होतं, हे तूच सांगतोयस.

मी : मुशीत पोलाद वितळवायची विद्या आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतकं आधी होती, हेही सांगतो. दक्षिणेतलं वूट्झ पोलाद. 1794 साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे, जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. तिथे जेम्स स्टोडार्ट नावाच्या नामांकित हत्यारवाल्याने त्या तुकड्यातून काय घडवलं माहितेय? खिशातला छोटा चाकू. त्याची धार त्यांच्या उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली, हे 1795 साली रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडे पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग करत बसला. आपण मात्र अजून विलायती म्हटलं की हात जोडतो.

मामा : (जरा थांबून) हे मला माहीत नव्हतं. पण मग आपलं ते पोलाद गेलं कुठे? तात्यांच्या कमरेला आपला चाकू का नव्हता?

याचं चटकन उत्तर मला देता आलं नाही. भट्ट्या का विझल्या याची कारणं मोठी आहेत, परकी सत्ता आहे, कारखान्याचं स्वस्त लोखंड आहे, कोळशासाठी लागणारं जंगल आहे. पण मामांचा प्रश्न त्याहून सरळ होता. एखाद्या गावाला उत्तम वस्तू एकदा करता येणं वेगळं आणि तशाच लाख वस्तू, एकीसारखी दुसरी, करून देता येणं वेगळं. बोलणं त्या बाणाच्या खुणेवर गेलं तेव्हा याचाच धागा पुढे सापडला.

मामा : ही खूण असल्याशिवाय सैनिकाच्या हातात वस्तू जायची नाही. तात्या सांगायचे, बाण बघून घे.

मी : पण मामा, ही गुणवत्तेची खूण नाही. मालकीची आहे. ब्रिटिश सरकारचा माल, चोरून विकू नका, एवढाच तिचा अर्थ. कॅनडाच्या मालावर सी अक्षराच्या पोटात बाण असे. आपल्या ईशापूरच्या रायफलींवर बाणाखाली आय.

मामा : मालकीची तर मालकीची. मालक वस्तू घेताना डोळे मिटून घेतो का? बाण ठोकायच्या आधी कोणीतरी ती वस्तू हातात घेऊन बघितली असेल की नाही?

इथे मामांनी मला धरलं. ब्रिटिश लष्कराची पद्धत अशी होती की प्रत्येक वस्तूचा एक मंजूर नमुना लाखेची मोहोर लावून जपून ठेवायचा. चाकू असो, बूट असो, पाण्याची बाटली असो. कंत्राटदाराने केलेला माल त्या मोहोरबंद नमुन्याशी ताडून बघायचा. पहिल्या महायुद्धातल्या घडीच्या चाकूच्या नमुन्याचा क्रमांक 6353 आणि साल 1905. दुसऱ्या महायुद्धासाठी 1939 साली नवा नमुना आला. त्यात मुठीवरचं शिंग जाऊन काळं, चौकड्या पाडलेलं प्लॅस्टिक आलं. आमच्या टूलरूममध्ये काचेच्या कपाटात मास्टर सॅम्पल असतो, तोच हा प्रकार. चांगला कारागीर एक चाकू उत्तम करतो. मोहोरबंद नमुना मात्र मधल्या वकुबाच्या कारागिराकडूनही ठरलेल्या दर्जाच्या खाली न जाणारा चाकू करून घेतो. या चाकूची खरी किंमत मला तिथे दिसते, पोलादाच्या जातीत नव्हे.

मी : तुमचा मुद्दा मान्य. पण आता पात्याबद्दल बोलू. मी सोबत एक कानस आणली आहे. बुडाशी जरा घासून बघू? किंवा पुण्याला घेऊन जातो, मशीनवर कडकपणाच मोजून आणतो.

मामा : मशीनवर काय करतात?

मी : हिऱ्याचं टोक दाबतात. बारीक ठिपका उमटतो, बस.

मामा : ठिपकाबिपका नको. कानस लाव हवी तर, पण धारेच्या अगदी बुडाला, जिथे कापायचं काम नाही तिथे.

मी कानस लावली. कडक पात्यावर नवी कानस काचेवरून गेल्यासारखी सरकते, मऊ लोखंडात ती दात रोवते. इथे ती सरकत होती आणि जरा-जरा खातही होती. म्हणजे पातं मधलं. आमच्या हिशेबाने उत्तम सुरीपेक्षा एखाददुसरी पायरी मऊच.

मी : बघा. मऊ आहे. माझ्याकडे स्विस चाकू आहे, तो याहून उजवा ठरेल.

मामा : तो लाल मुठीचा ना? कात्री, चिमटा, दातकोरणं, सगळा संसार पोटात घेतलेला.

मी : हसू नका. 1891 पासून स्वित्झर्लंडच्या लष्करात तो चालत आलाय. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घातला, कारण सैनिकाला रायफल उघडावी लागे. ब्रिटिशांनी टोचा घातला, कारण त्यांच्या चाकूची परंपरा खलाशांची, दोराची आणि शिडाची. पुढे तंबू आणि घोडे आले, म्हणून टोचा राहिला. आता तंबूला झिप असते. टोचा हे ओझं आहे.

मामा : तंबूला झिप असेल, बैलाला अजून दावंच लागतं. आणि मऊ म्हणतोस ना? ऐक. डोंगरावर बसलेल्या सैनिकाकडे तुझी मशीन नसते. दगड असतो. या पात्याची धार गेली की ओढ्यातल्या गोट्यावर पाच मिनिटांत येते. फार कडक असतं तर आली असती का?

मी : नसती आली. आणि कडक पातं डब्याच्या कडेवर तडकलं असतं.

मामा : मग तो मऊपणा चूक की शहाणपण?

मी याला शहाणपण म्हणेन, आणि हे मी टूलरूममधला माणूस म्हणून सांगतो. धार किती दिवस टिकते एवढंच आम्ही मोजतो. धार गेल्यावर ती किती सहज परत येते, हे कुठल्या तक्त्यात नसतं. इथला लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता करतो, तोही नेमका असाच. निसण्यावर चार हात मारले की पाजळतो, गाठीवर बसला तर धार वळते पण तुकडा उडत नाही. माणगावच्या बाजारातला चांगला कोयता आणि शेफील्डचा हा चाकू एकाच विचारातून आलेले आहेत. एकाच्या बुडाला बाण आहे, दुसऱ्याच्या बुडाला काहीच नाही, आणि या दुसऱ्याची आपण नीट किंमत करत नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

एवढ्यात मामी सुपात कैऱ्या घेऊन आल्या. लोणच्याच्या कैऱ्या विळीवर फोडायच्या होत्या, पण मामांनी एक उचलली, चाकू धोतराच्या सोग्याला पुसला आणि फोडी करून मीठ लावून माझ्यापुढे ठेवल्या. तिसऱ्या फोडीपर्यंत पातं करडं झालं, पाचव्या फोडीला काळपट निळं. कैरीच्या कडेलाही जांभळट रेघ आली आणि जिभेला किंचित लोखंडी चव.

मी : आता बोला. हे खाण्याच्या चाकूला चालेल? स्टेनलेस असता तर?

मामा : हे पुसलं की जातं. पूर्ण गेलं नाही तरी बिघडत नाही. तो रंग चढला की पातं गंजायचं कमी होतं. कैरी झाली की धुवायचं, चुलीजवळ कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. कोकणातल्या पावसात ऐंशी पावसाळे काढलेत त्याने.

मी : तुमच्यासारखा माणूस होता म्हणून. सगळे सैनिक तेलाचं बोट फिरवतात का? म्हणून तर ब्रिटिश लष्कराने पुढे सगळा चाकूच स्टेनलेसचा केला, मुठीसकट. आणि स्टेनलेसही शेफील्डचंच. 1913 साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होता. ते पोलाद आम्लाने खाल्लं जात नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला आधी सुचलं काय, तर चाकू-सुऱ्या.

मामा : आणि ते कापत होते?

मी : पहिले नाही कापले. न कापणारा चाकू शोधून काढणारा माणूस, असं शेफील्डचे कारागीर त्याला हिणवत. नव्या पोलादाला जास्त तापवून पाणी द्यावं लागतं, ते त्यांना उमगायला वेळ लागला. नीट पाणी दिलेलं स्टेनलेस उत्तम कापतं. दोष धातूचा नव्हता, भट्टीचा होता.

मामा : तेच मी म्हणतोय. आता भट्टीपाशी लक्ष देणारा राहिला नाही.

याला मी विरोध करणार होतो, पण माझ्याच बॅगेत मामांच्या बाजूचा पुरावा होता. गेल्या वर्षी मी एका दुकानातून ब्रिटिश आर्मीचा म्हणून सगळा स्टेनलेसचा चाकू घेतला होता. दिसायला हुबेहूब, वर बाणही ठोकलेला. मामांना दाखवायला आणला होता. त्यांनी तो उघडला. पातं उघडताना खरखरलं, मिटताना टक् न होता पत्र्यावर आपटल्यासारखा खळ्ळ आवाज झाला. उजेडासमोर धरला तर स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामधून आभाळ दिसत होतं. घरी मी त्याने दुधाचा डबा उघडायला घेतला होता, तेव्हा पहिल्याच झटक्यात आकडं वाकलं होतं. ते तसंच वाकडं होतं.

मामा : (दोन्ही चाकू दोन तळहातांवर घेऊन) बाण दोघांवर आहे.

मी : हो. बाणाची नक्कल करायला पैसे लागत नाहीत. आत मोकळी फट राहू नये म्हणून पट्ट्या घासून बसवायला वेळ लागतो, तो वेळ यात घातलेला नाही. पण मामा, म्हणून आताचं सगळंच वाईट असं नाही. शेफील्डमध्ये आजही असे चाकू होतात आणि चांगले होतात. तुम्हाला पलटणीत मिळालेला चाकू कुठला होता?

मामा : देशी बनावटीचा. असाच, पातं, आकडं, टोचा.

मी : आणि कसा होता?

मामा : (थोड्या वेळाने) चांगला होता. एकवीस वर्षं वापरला. परत जमा करताना वाईट वाटलं.

मी : मग त्याचं कौतुक तुमच्या तोंडून मी कधीच कसं ऐकलं नाही?

मामा : तो तात्यांचा नव्हता.

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की काही वेळ मी पुढे बोललो नाही. वस्तूचा गुण आणि वस्तूची आठवण यांचा इतका वेळ आम्ही एकच लेखाजोखा मांडत होतो. मला फक्त पहिलाच मांडायचा होता, पण या गावात बसून तसं करणं अवघड आहे. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. याच तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला नाईक. 10 जुलै 1944, इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्याच्या तुकडीतले सगळे मारले किंवा जखमी केले. तो एकटाच उभा राहिला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मग मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्याने उरलेल्या दोघांना खाली पाडलं. त्याच वेळी शत्रूच्या नेमबाजाच्या गोळ्या त्याला लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला.

मामा : तात्या त्याच वर्षी इटलीत होते. पलटण दुसरी. आमच्या घरात या चाकूपेक्षा त्या नावाची गोष्ट जास्त सांगितली गेली. तात्या म्हणायचे, सैनिकाला दिलेली वस्तू कशासाठी दिलीय आणि तो कशासाठी वापरील, याचा नेम नसतो. बंदूक बनवणाऱ्याला स्वप्नात तरी वाटलं असेल का, की नळीकडून धरून मारायची वेळ येईल?

मी : म्हणजे वस्तू हिशेबापेक्षा थोडी जास्तच मजबूत हवी.

मामा : हं. म्हणून तो आतला पत्रा जाड आहे. कडा घासल्या नाहीत म्हणून तू नावं ठेवलीस, पण जाडी बघितलीस का?

मी नव्हती बघितली. व्हर्नियर माझ्या बॅगेत होता, पण मोजायची गरज नव्हती. मी आणलेल्या चाकूच्या पत्र्याच्या दुपटीहून तो जाड होता. लढाईच्या घाईत त्यांनी पॉलिश सोडलं, कडा सोडल्या. पत्रा, स्प्रिंग आणि रिव्हेट सोडले नाहीत. कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे मोहोरबंद नमुन्याने ठरवून दिलेलं होतं.

तरीही एक गोष्ट मामांना सांगायची राहिली होती आणि ती मी सांगितली. शेफील्डच्या या कीर्तीची किंमत कोणी मोजली तेही लक्षात ठेवायला हवं. तिथे घडवणारा वेगळा, घासणारा वेगळा, जोडणारा वेगळा. एकोणिसाव्या शतकात सुक्या सहाणेवर पाती-काटे घासणारी माणसं दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत भरून ऐन तिशी-चाळिशीत मरत. त्यांच्यातले बरेच जण भाड्याच्या खोलीत एक सहाण घेऊन बसलेले छोटे कारागीर होते, आपल्या लोहारासारखेच. मामांनी ऐकलं आणि चाकू हातात फिरवत म्हणाले, ‘‘मग ही मूठ बघ.’’

इतका वेळ मी पातं बघत होतो. मूठ मी गृहीत धरली होती. एका बाजूला काळं, चौकड्यांचं प्लॅस्टिक होतं, घामाने गुळगुळीत झालेलं. दुसरी बाजू लाकडाची होती. शिसवी, काळसर, तेल पिऊन प्लॅस्टिकसारखीच दिसणारी. तिच्यावर कोणीतरी बारीक करवतीने हाताने चौकड्या पाडल्या होत्या, पहिल्या बाजूच्या जोडीला शोभाव्यात म्हणून. रिव्हेट तीन होते, दोन मूळचे आणि एक तांब्याचा.

मामा : मी शाळेत होतो. चाकू विहिरीच्या दगडावर पडला आणि त्या बाजूचं कवच फुटलं. तात्या बाजारात लोहाराकडे घेऊन गेले. तो म्हणाला, लोखंडाचं मी बघतो, लाकडाचं सुताराकडून आणा. सुताराने शिसवी दिली, लोहाराने भांड्याच्या तांब्याच्या तारेचा रिव्हेट ठोकला. दोन दिवस लागले. पैसे त्यांनी घेतले नाहीत, नाचणी घेतली.

मी : म्हणजे हा पूर्ण विलायती नाहीच.

मामा : अर्धा माणगावचा आहे. मी कधी नाही म्हटलं?

मी आणलेला चाकू मी पुन्हा बघितला. त्याची मूठ आणि पत्रा एकाच तुकड्यातून दाबून काढलेले, टोकं मशीनने चेपलेली. बिघडला तर उघडता येणार नाही, उघडला तर जोडता येणार नाही. मामांचा चाकू कुठल्याही गावातला जाणता लोहार खोलून पुन्हा जोडू शकतो. तीन रिव्हेट कापायचे, दुरुस्त करायचं, तीन रिव्हेट ठोकायचे. मोहोरबंद नमुना मंजूर करणाऱ्याच्या मनात माणगाव नसणार. पण वस्तू उघडता येईल अशी ठेवली, म्हणून ती इथे पोचूनही मेली नाही.

माझा निकाल असा आहे. पातं मध्यम, धार लावायला उत्तम. आकडं उत्तम. स्प्रिंग आणि जोडकाम अव्वल. टोच्याबद्दल मी आधी बोललो ते मागे घेतो. त्याचा निमुळतेपणा इतका सारखा आहे की पेडाचा एकही धागा तुटत नाही, हे मी त्या दाव्यावर स्वतः करून पाहिलं. मामांचा निकाल वेगळा आहे. त्यांच्या मते याच्या तोडीचा चाकू नाही, आणि त्या मतात तात्या आहेत, त्यामुळे तिथे माझी कानस चालत नाही.

कोकणात आणि देशावर पलटणीची परंपरा असलेल्या कितीतरी घरांत असा एखादा चाकू ट्रंकेत, फळीवर, कोठीत पडलेला असेल. तो सापडला तर ग्राइंडरवर धरू नका, पात्याचं पाणी उतरेल आणि बुडाची खूण, साल पुसलं जाईल. सांध्यात रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने मळ काढा, मग तेलाचा एक थेंब सांध्यात आणि बोटभर पात्याला. धार हातानेच, निसण्यावर लावा. स्प्रिंग सैल असेल किंवा मूठ फुटली असेल तर टाकून देऊ नका, गावातल्या लोहाराला दाखवा. त्याला ते जमतं.